‘चेक इंजिन’चा दिवा उडवल्यावर किती वेळाने परत येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की ठाणे-नवी मुंबईच्या गॅरेजांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. डॅशबोर्डवरचा पिवळा, इंजिनाच्या चित्राचा दिवा जात नाही. ‘स्कॅनर लावून उडवला होता, दोन दिवस बरा होता, पुन्हा लागला,’ हे त्यापुढचे वाक्यही ठरलेले. स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारे आणि पुसणारे यंत्र. कोणी त्यावर काळी पट्टी चिकटवतो, कोणी एकामागून एक सेन्सर बदलत सुटतो, कोणी बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवतो. वागळे इस्टेट आणि तुर्भे भागात आम्ही काही जण गाड्यांच्या इंजिनाचे आणि वायरिंगचे काम करतो. या दिव्याबाबत गाडीमालकाला स्वतः पाहता येईल असे बरेच काही असते आणि ते गाडी गॅरेजात सोडण्याआधी पाहिलेले बरे, म्हणून हे पत्र.

आधी दिव्याची ओळख. चावी फिरवली आणि इंजिन सुरू केले नाही, तर हा दिवा लागलाच पाहिजे. ती त्याची स्वतःची चाचणी असते. इंजिन सुरू झाले की काही क्षणांत तो विझतो. विझला नाही आणि स्थिर पिवळा राहिला, गाडीही नेहमीसारखी ओढत असली, तर ती चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकू लागला तर मात्र प्रकरण वेगळे. एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता पुढे जाते आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेट घेते, तेव्हा दिवा लुकलुकतो. कन्व्हर्टरच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जी जाळी असते, ती त्या उष्णतेने वितळून बसते. त्यामुळे लुकलुकताना पाय उचलायचा, दिवा स्थिर झाला तर हळूहळू जायचे, नाही झाला तर गाडी बाजूला घ्यायची. तेलाच्या किटलीचा आणि तापमानाचा लाल दिवा हा या पत्राचा विषय नाही. ते लागले तर इंजिन तिथल्या तिथे बंद करावे, पुढच्या सिग्नलपर्यंतही जाऊ नये.

आता हा पिवळा दिवा लागतो कधी आणि जातो कधी, याचे नियम ठरलेले आहेत. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे ‘भारत स्टेज ४’ या प्रदूषण-नियमाच्या मोटारींना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही तपासणी यंत्रणा लागू झाली. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, तो गाडी चालू असताना एकेक भाग तपासत असतो. दोष सापडला की त्याचा ठरलेला क्रमांक, म्हणजे कोड, तो नोंदवतो. काही दोष एकदा दिसले की तो लगेच दिवा लावतो. पुष्कळ दोष मात्र लागोपाठ दोन फेऱ्यांत, म्हणजे इंजिन सुरू करून बंद करेपर्यंतच्या दोन प्रवासांत, दिसले तरच दिवा लागतो. पहिल्या फेरीत दिसलेला दोष ‘पेंडिंग’ म्हणून नुसता टिपून ठेवला जातो. दोष खरोखर गेला, तर लागोपाठ ३ फेऱ्या स्वच्छ गेल्यावर दिवा आपोआप विझतो. कोडची नोंद त्यानंतरही राहते आणि इंजिन ४० वेळा नीट गरम झाल्यावर पुसली जाते. नीट गरम म्हणजे सुरू करतानाच्या तापमानापेक्षा किमान २२ अंश वर आणि किमान ७० अंशांपर्यंत. सोसायटीतून निघून कोपऱ्यावर भाजी आणली, ही फेरी त्यात मोजली जाईलच असे नाही.

‘उडवला आणि दोन दिवस बरा होता’ याचे उत्तर इथेच आहे. उडवल्यावर संगणकाची पाटी कोरी होते, तो तपासणी पहिल्यापासून सुरू करतो, पहिल्या फेरीत दोष टिपतो आणि दुसऱ्या फेरीत दिवा लावतो. मधल्या दोन दिवसांत गाडीत काहीही दुरुस्त झालेले नसते. बॅटरीची वायर काढल्यानेही हेच होते, वर आयडलिंगचे (उभ्या गाडीत पाय न देता इंजिन चालण्याचे) आणि इंधनाचे शिकलेले आकडेही पुसले जातात. नुसते कोड उडवून पैसे घेणारे आमच्याच धंद्यात आहेत, हे लिहायला बरे वाटत नाही.

तरीही कोड एकदा उडवून पाहणे ही उत्तम चाचणी आहे, मात्र आधी सगळे लिहून घेतलेले असेल तर. त्यानंतर दिवा परत यायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहायचे. चावी फिरवून इंजिन सुरू करताच काही सेकंदांत परत आला, तर बहुधा वायर तुटलेली, वायर जोडणारा कपलर सुटलेला, फ्यूज गेलेला किंवा सेन्सर आतून तुटलेला असतो. असा दोष मल्टिमीटरने सापडतो, अंदाजाने भाग बदलायची गरजच नसते. इंजिन गरम होता होता परत आला तर थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर संशयात येतो. दोन-चार दिवसांनी, लांब धावल्यावर परत आला तर हवा-इंधनाचे मिश्रण, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा कन्व्हर्टर. आणि फक्त पाऊस पडल्यावर परत येत असेल तर ठिणगी देणारी कॉइल, प्लग आणि कपलर सोडून दुसरीकडे आधी पाहूच नये.

लिहून घ्यायचे काय, तेही सांगतो. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. असा डोंगल साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो. आयफोन असेल तर त्याला चालणारा, म्हणजे लो-एनर्जी ब्लूटूथचा किंवा वायफायचा घ्यावा. डोंगलचा दिवाच लागला नाही तर सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट येतात का आणि ४ व ५ नंबरला अर्थिंग आहे का, ते पाहावे. बऱ्याच गाड्यांत मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो. स्वस्त चार्जरने तो उडालेला असतो आणि ‘ईसीएम गेला’ अशी आवई उठते.

कोड लिहिताना तो पक्का आहे की पेंडिंग, तेही लिहावे. आणि त्याच्या मागे असलेली ‘फ्रीझ फ्रेम’ उघडून तिचा फोटो काढून ठेवावा. दोष पकडला त्या क्षणी इंजिनाचे मिनिटाला फेरे किती, गाडीचा वेग किती, कूलंटचे तापमान किती, इंजिनावरचा लोड (भार) किती, इंधनाची भरपाई किती, हे सगळे त्यात गोठवलेले असते. समजा कोड पी०१७१ आहे, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. फ्रीझ फ्रेममध्ये फेरे ७८०, वेग शून्य, तापमान ९१ दिसते. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना दोष पकडला गेला. त्याऐवजी फेरे ३,४००, वेग ७२, लोड ८५ टक्के असते, तर गाडी चढाला दाबलेली होती. कोड तोच, पण पहिल्यात हवेची गळती शोधायची आणि दुसऱ्यात पेट्रोलचा दाब मोजायचा. कोड उडवला की हे पानही जाते. म्हणून गॅरेजात गाडी देताना ‘कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहिल्याशिवाय काही उडवू नका’ हे जॉबकार्डवर लिहून घ्यावे.

कोडमध्ये तक्रार असते, दोषी भागाचे नाव नसते. दुकानात जाऊन ‘पी०१७१ चा सेन्सर द्या’ म्हणणारे बरेच भेटतात. असा सेन्सरच नाही. ऑक्सिजन सेन्सरने सायलेन्सरमध्ये प्राणवायू जास्त सापडल्याचे कळवले, संगणकाने पेट्रोल वाढवून पाहिले आणि त्याची वाढवण्याची मर्यादा संपली, एवढाच त्या कोडचा अर्थ. सेन्सर बहुतेक वेळा खरे बोलत असतो.

ही वाढवाढव मोबाइलवर दिसते. ‘शॉर्ट टर्म’ आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ असे दोन आकडे असतात, पहिला त्या क्षणाची आणि दुसरा शिकून ठेवलेली इंधनाची वाढ-घट सांगतो. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद असताना दोन्हींची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत असली तर तब्येत ठीक. १० पर्यंत चालते. २०-२५ च्या पुढे गेली की दिवा लागतो. हा आकडा आधी आयडलिंगला पाहा, मग उभ्या गाडीत मिनिटाला २,५०० फेरे होतील अशी रेस धरून पाहा. आयडलिंगला अधिक १८ आणि २,५०० ला अधिक ४ आले, तर इंजिन कुठूनतरी चोरटी हवा ओढते आहे. भोक तेवढेच असते, पण आयडलिंगला एकूण हवाच थोडी लागते, म्हणून त्या भोकातल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट आयडलिंगला ठीक आणि चालवताना आकडा चढत गेला, तर पेट्रोल कमी पडते आहे: फिल्टर, पंप, इंजेक्टर. गेज लावून दाब मोजावा, बहुतेक साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या आसपास असतो.

इथे एक बारकावा आहे. वरचा आयडलिंगचा नियम हवा थेट मोजणाऱ्या, म्हणजे एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना नेमका लागू पडतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएपी सेन्सर असतो, तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. चोरट्या हवेने दाबही वाढतो, संगणक त्या हिशेबाने पेट्रोल देतो, त्यामुळे मिश्रण फारसे बिघडत नाही, आयडलिंग मात्र ८०० च्या जागी ११००-१२०० ला जाऊन बसते. अशा गाडीत मिश्रण पातळ असल्याचा कोड आला तर पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या सायलेन्सरच्या जोडातली गळती, या क्रमाने जावे. त्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा ती मोजतो. थंड इंजिन सुरू करून कान दिला तर तिथून टिक-टिक ऐकू येते, गरम झाल्यावर पत्रा फुगून आवाज बंद होतो.

हवेची गळती शोधायला स्मोक मशीन, म्हणजे आत धूर सोडणारे यंत्र, सर्वांत बरे. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा) होज, ब्रेक बूस्टरचा होज, मॅनिफोल्डचे गास्केट, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पण उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह आणि तेलाच्या झाकणाचे रबर, या जागांतून धूर येतो. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा चक्क गॅस सोडून गळती शोधायची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ हे करणे म्हणजे आगीला आमंत्रण. एमएएफ सेन्सर धुवायचा तर त्यासाठीच मिळणारा क्लीनर वापरावा. कार्ब क्लीनरने आतली तार खराब होते. आत बोट किंवा कापूसही घालू नये.

पेट्रोलचाही यात हात आहे. २०२५ पासून पंपांवर सर्वत्र २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास पुरते, कारण इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो. तेवढ्याच हवेसाठी संगणकाला थोडे जास्त इंधन सोडावे लागते. १० टक्क्यांच्या पेट्रोलवरून २० वर आल्यावर ट्रिम साधारण ४ टक्क्यांनी वर सरकते. निरोगी गाडीला ते जाणवतही नाही. ज्या जुन्या गाडीत बारीक गळतीमुळे ट्रिम आधीच १७-१८ ला टेकलेली होती, तिची मर्यादा आता ओलांडली जाते आणि मालक पंपवाल्याशी भांडायला जातो. गळती बंद करा, त्याच पेट्रोलवर दिवा जाईल.

आता सीएनजी, कारण आपल्या भागात अर्धे भांडण त्याचेच असते. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा संगणक आपले काम करतच राहतो. गॅसचा वेगळा संगणक त्याचा इंजेक्शनचा वेळ घेतो, त्याला गुणून गॅसचे इंजेक्टर उघडतो. या गुणाकाराचा नकाशा चुकला किंवा गॅसचा फिल्टर तुंबला, की पेट्रोलचा संगणक बिचकून ट्रिम वर-खाली करत बसतो. गॅसवर शिकलेले हे चुकीचे धडे तो पेट्रोलवरही वापरतो आणि मग गाडी दोन्हीवर धड चालत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून एकाच रस्त्यावर अर्धा तास पेट्रोलवर चालवा, लाँग टर्म ट्रिम लिहा. मग त्याच रस्त्यावर तेवढाच वेळ गॅसवर. पेट्रोलवर ३ आणि गॅसवर अधिक २२ आले, तर गाडी ठीक आहे, किटवाल्याकडे जा: आधी फिल्टर, मग गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरचा दाब, मग गॅसचे इंजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप लावून नकाशा. तुंबलेल्या फिल्टरवर नकाशा जुळवून घेतला, तर फिल्टर बदलल्यावर तो पुन्हा चुकतो. दोन्हीवर सारखाच आकडा वाढलेला असेल तर किटला दोष देऊ नये. कंपनी फिटेड सीएनजीत मात्र रस्त्यावरच्या किटवाल्याला हात लावू देऊ नये, तिथे दोन्ही इंधनांचा हिशेब कंपनीनेच जुळवलेला असतो.

सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते. झिजून टोकांमधले अंतर, म्हणजे गॅप, १.१ मिलिमीटर झालेला प्लग पेट्रोलवर निभावतो, गॅसवर तोच मिसिंग करतो, म्हणजे सिलिंडर मधूनमधून पेटत नाही. कितीतरी गाड्यांच्या पुस्तकात सीएनजीसाठी ०.७ ते ०.८ असा कमी गॅप दिलेला असतो. फीलर गेजने मोजून घालावा. आणि रोज चार-पाच किलोमीटर तरी पेट्रोलवर चालवावी, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात आणि ज्या दिवशी गॅसच्या रांगेला कंटाळून पेट्रोलवर जाल, त्याच दिवशी दिवा लागतो.

मिसिंगचा कोड पी०३०० पासून सुरू होतो. ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पट्ट्याच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात. ०३०१ आला तर नवी कॉइल विकत घेण्याआधी १० मिनिटांचे काम करा. इंजिन बंद, थंड. पहिल्या कॉइलचा कपलर लॉक दाबून काढा, बोल्ट खोला, कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा. दुसऱ्याचीही काढा आणि दोघींची अदलाबदल करा. कोड उडवून गाडी १०-१५ मिनिटे चालवा. आता ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. ०३०१ च राहिला तर तसेच प्लग बदलून पाहा. तरीही राहिला तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. सिलिंडरांच्या आकड्यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

प्लग बाहेर आला की त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर नीट नजर टाका. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ वरून खाली गेलेली दिसली, तर ठिणगी टोकाला न पडता बाजूने घसरून इंजिनाला मिळते आहे. कॉइलच्या रबरी टोपीत आतल्या बाजूलाही तशीच रेघ सापडते. नुसता प्लग बदलला तर टोपीतली रेघ नव्या प्लगवर महिन्याभरात नवी रेघ काढते, म्हणून दोन्ही एकदम बदलावे. हे पावसात जास्त होते. काचेखालच्या जाळीत झाडाची पाने साचून पाणी बोनेटच्या आत उतरते, नाहीतर वॉशिंगवाला प्रेशरचा पाइप थेट इंजिनावर धरतो आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी साठते. इंजिन धुऊन घेऊ नका, असे सांगून आम्ही थकलो.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडते, हा सर्वांत महाग कोड, कारण तो दिसला की कन्व्हर्टर बदलायला सांगतात आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असल्याने किंमत दहा हजारांच्या पटीत जाते. सायलेन्सर चोरीला जातात तेही याचसाठी. ते बिल देण्याआधी मोबाइलवर दोन ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख पाहा. इंजिन गरम, फेरे २,५०० वर २-३ मिनिटे. कन्व्हर्टरच्या आधीचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली करतो. नंतरचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहिला पाहिजे. तोही पहिल्याची नक्कल करत नाचू लागला, तरच कन्व्हर्टर संशयात. मग आधी मिसिंग, तेल जळणे आणि जोडातली गळती काढून टाका. कन्व्हर्टर क्वचितच आपल्या मरणाने मरतो. कारण तसेच ठेवून नवा घातला, तर तोही जातो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्यात धातूचा मुलामा इतका कमी असतो की काही महिन्यांत तोच कोड परत येतो.

पी०१३५ म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन, बहुधा पांढऱ्या वायरी हीटरच्या असतात. कपलर काढून सेन्सरच्या बाजूला त्या दोघींमध्ये ओहम मोजा. सेन्सर थंड असताना काही ओहम यायला हवेत. मीटर सर्किट तुटलेले दाखवत असेल तर सेन्सर गेला. ओहम बरोबर असतील तर गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये १२ व्होल्ट पोहोचतात का ते पाहा. फ्यूज पाच रुपयांचा असतो, सेन्सर हजारांचा.

मोबाइलवर कूलंटचे किंवा आत जाणाऱ्या हवेचे तापमान उणे ४० दिसले, तर तो सेन्सर आतून तुटला आहे किंवा त्याची वायर तुटली आहे. ठाण्यात उणे ४० दुसऱ्या कशाने होणार. कूलंटच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास असतो. वायर तुटण्यामागे आपल्याकडे एक कारण फार मोठे आहे, उंदीर. पोडियमच्या आणि तळघराच्या पार्किंगमध्ये ते पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येतात आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडतात. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप मारू नये. सोल्डर करून हीट-श्रिंक चढवावे. खाडीजवळच्या वस्तीत, ऐरोली-कोपरखैरणे असो की कासारवडवली, कपलरच्या पिनांवर हिरवट पूड धरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन घट्ट बसते का ते पाहा, सैल पिन डोळ्यांना दिसत नाही. वायरच्या कवचात सुई खुपसून व्होल्ट बघायची सवय सोडावी, त्याच भोकातून पाणी आत जाते.

थर्मोस्टॅटबद्दल एक जुना समज अजून टिकून आहे: ‘मुंबईच्या हवेत तो लागत नाही, काढून टाका.’ तो काढला की इंजिन गरम व्हायला उशीर होतो, संगणक थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त देतो, पी०१२८ चा दिवा कायम लागून राहतो आणि ॲव्हरेज पडते. तो ८०-८८ अंशांना उघडणारा असतो, पुस्तकात दिला असेल तोच घालावा.

एकदम सात-आठ वेगवेगळे कोड आले, तर सात-आठ भाग गेलेले नसतात. बॅटरी आणि अर्थिंग पाहा. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली, किंवा चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ च्या बाहेर आकडा असेल तर आधी तेच दुरुस्त करावे. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ब्रेक पेडलचा स्विच बिघडला तरी पी०५०४ चा दिवा लागतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. काही गाड्यांत मागचे ब्रेकचे बल्ब काढून एलईडी घातले तरी तसे होते.

व्हिडिओ पाहून टाकीचे झाकण घट्ट करून येणाऱ्यांनाही सांगायचे आहे. तो सल्ला अमेरिकेतला आहे, तिथे टाकीतून वाफ गळते का ते तपासणे सक्तीचे आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीचे, त्यामुळे इथल्या गाड्यांत सहसा ती तपासणी नसते. झाकण बसवा जरूर, पण दिवा त्याने जाण्याची आशा धरू नका.

भारत स्टेज ६ च्या डिझेल गाडीचा दिवा बहुधा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. फिल्टरमधली काजळी जळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि घोडबंदर रोडवर गायमुखापासून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. डीपीएफचा दिवा एकटा लागला असेल तर पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर किंवा कळंबोलीपुढे पुण्याच्या दिशेने १५-२० मिनिटे २,००० च्या वर फेरे ठेवून एकसारखी चालवावी. टाकीत डिझेल रिझर्व्हच्या बरेच वर असावे. चेक इंजिनही सोबत लागले आणि गाडी ओढेनाशी झाली, तर हा उपाय उशिराचा, स्कॅनरनेच जाळावे लागेल. जळण अर्ध्यात बंद करत गेल्यास डिझेल तेलात उतरते. डिपस्टिकवर तेल ‘मॅक्स’च्या वर दिसले तर ते वाढलेले तेल नाही, तेल बदला. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, हेही डीपीएफ साफ करण्याआधी पाहावे.

कधी स्कॅनर ‘एकही कोड नाही’ म्हणतो आणि दिवा चालूच. स्वस्त डोंगल फक्त सर्वसाधारण कोड वाचतो. पी१ ने सुरू होणारे कंपनीचे कोड आणि गिअरबॉक्सच्या संगणकातले कोड त्याला बऱ्याचदा दिसत नाहीत. त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या जागी जावे. तिथेही काही नसेल तर मीटरकडे जाणारी वायर किंवा मीटर स्वतः.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही म्हणून घाबरू नये, वर सांगितलेल्या ३ फेऱ्या त्याला द्याव्यात. कोड उडवला असेल तर ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे संगणकाच्या तपासण्या पूर्ण झाल्या का याच्या नोंदी, अपूर्ण दिसतात. ते पूर्ण होईपर्यंत काम झाले असे धरू नये. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करून २-३ मिनिटे आयडलिंग, मग १० मिनिटे ५०-६० चा एकसारखा वेग, मग ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग २०-३० पर्यंत उतरू देणे, असे दोन-तीन दिवस करावे. टाकी पाव ते पाऊण भरलेली असावी. सकाळी सहाला पामबीच रस्ता यासाठी सोयीचा, आठनंतर नाही. पीयूसी मिळाली म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, डॅशबोर्ड कोणी पाहत नाही.

जुनी गाडी घेताना हेच मॉनिटर पाहावेत. सगळे अपूर्ण असतील तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी कोड उडवला किंवा बॅटरीची वायर काढली आहे. आणि इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून पिवळा दिवा लागतो का ते पाहा. लागला नाही, तर मीटर उघडून त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. सौदा करण्याआधी मीटर खोलून दाखवायला सांगा.

आपले,
वाहनदुरुस्तीच्या कामातील काही वाचक
ठाणे व नवी मुंबई